माळावरचं गाजर गवत

लिही कमल. तू चौथी शिकलीस, मला तर शाळा बाहेरूनच ठाऊक. तू कुणापुढं तोंड उघडत न्हाईस म्हणून तुला सांगून राहिले, न्हाईतर ह्या गावात एकाला काही सांगितलं की संध्याकाळी चावडीवर माझ्या तोंडून कधी न निघालेल्या गोष्टी निघतात. तू माझी धाकटी जाऊ, एका अंगणात राहतो आपण, अर्धं तर तुझ्या डोळ्यांदेखत झालंय, तरी पहिल्यापासून सांगते, मधलंच उचलून सांगितलं तर खोटं वाटतं.

माझं माहेर किनवटच्या जंगलातलं. बाप हंगामात तेंदूची पानं तोडायचा, बाकीच्या दिवसांत मिळंल ते काम. मी परकरात होते तवा जंगलवाले साहेब आले, लई गोड बोलले, म्हणले गावालगतच्या उघड्या जागेवर रोपं लावू, सावली तुमची, पानं तुमची, लाकूडबी तुमचं. बापानं खड्डे खंदले, आईनं डोक्यावर पाणी वाहिलं, आमी लेकरं रोपाभवती दगड लावत होतो. रोपं गुडघ्याला लागली तशी काटेरी तार आली. तारेच्या आत माझी आई मोहाची फुलं वेचायला गेली तर तिची टोपली काढून घेतली, फुलं मातीत सांडली, आणि ज्यानं सांडली त्यानंच आधी आमच्या घरी बसून चहा पिला होता. काय सांगू तुला, तवापासून कुणी गोड बोललं की मी त्याच्या हाताकडं बघते, तोंडाकडं न्हाई.

लग्न होऊन आले ती ह्या माळावर, जळकोट आणि अहमदपूरच्या मधी. जंगलातली पोर मी, इथं झाड म्हणून न्हाई. सासूला इचारलं, आत्याबाई, इथली माणसं उन्हात कुठं बसतात? सासू म्हणली, इथली माणसं बसत न्हाईत. तसंच निघालं. गायरानाच्या कडंचे दगड काढून सासऱ्यानं आपला तुकडा केला होता, आपल्या बौद्धवाड्यातल्या अजून काही घरांनी केले होते, त्यात मूग होतो, हरभरा होतो, बरं वर्ष असलं तर जवारी. घाम आपला, पण जमीन सरकारची, नावावर न्हाई. माझा घरधनी, तुझा मोठा दीर, मरायच्या आधी मला एवढंच म्हणला, तुकडा पडीक ठेवू नको, एक पेरा चुकला तर लोक म्हणतील हिनं सोडून दिला. म्या अजून चुकवला न्हाई. पण चावडीवर अधूनमधून कुणीतरी म्हणतंच, गायरानातली अतिक्रमणं काढा, आणि ते म्हणताना सगळे आपल्या वाड्याकडं बघतात.

लातुराला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा तर सगळ्यांना ठाऊक हाय, मी त्याच्या आधीच्या सुक्या पावसाळ्यापासून सांगते. मृग गेला, आर्द्रा गेल्या, ढग यायचे आणि तोंड दाखवून जायचे. काम न्हाई, हिरीत पाणी न्हाई, आणि त्यातच उदगीर नवा जिल्हा होणार ही बोलणी परत निघाली. जिल्हा होणार म्हणलं की काही माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं, आमच्या तोंडचं पळतं. जिल्ह्याला हापिसं लागणार, हापिसांना जागा लागणार, आणि जागा पाहिजे झाली की सरकारला आधी कुणाचा तुकडा दिसतो ते मला कुणी सांगायला नको.

अशात ती म्याडम आली. लातूरच्या एका संस्थेची, मूळची पुण्याकडची, उन्हानं नाक सोललेलं. बायका गोळा केल्या आणि म्हणली, ह्या माळावर पहिलं मारवेल गवत होतं, पवन्या होता, हरणं होती, खोकडं होती, तित्तर होते. आता सगळीकडं गाजर गवत. ते जनावर खात न्हाई, त्याच्याखाली दुसरं गवत उगवत न्हाई, हातापायाला खाज सुटते. ते आपण उपटून काढू, जुनं गवत परत येईल, गवतामागं हरणं येतील. उपटायची रोजी मिळंल. आपली शेवंता, वाड्यातली, तिला गप बसवत न्हाई, ती म्हणली, म्याडम, हरणांना रेशनकार्डबी देणार का? सगळ्या हसल्या, म्याडमबी हसली. मी हसले न्हाई. म्या इचारलं, हरणं आल्यावर आमाला काढणार का? ती म्हणली, न्हाई मावशी, तुमचे तुकडे तसेच राहतील. माझ्या डोळ्यात बघून म्हणली. डोळ्यात बघून तर त्या साहेबानंबी सांगितलं होतं.

पण कामाला गेले. दुष्काळात कुणाच्या हाताकडं किती बघणार. साडीवर घरधन्याचा जुना शर्ट घालायचा, हाताला फाटके मोजे बांधायचे, आणि फुलायच्या आत मुळासकट उपटायचं. म्याडम रोज एकच सांगायची, ह्याचं बी धुळीसारखं बारीक असतं, ट्रॅक्टरच्या चाकाला येतं, शेणखतातून येतं, बाहेरच्या चाऱ्यातून येतं, ध्यान ठेवा. आमी हाव हाव म्हणायचो. हाव म्हणायला काय जातंय.

आणि बग, खरंच झालं. थोडे शिंतोडे पडले त्यावर माळाच्या मधोमध मारवेल फुटलं, थंडीपर्यंत पिवळं होऊन वाऱ्यानं हलायला लागलं. एका सकाळी कळप दिसला, पुढं काळा नर, शिंगं पिळदार, मान वर. शेवंता म्हणली, तोरा बग, मेंबर चालल्यासारखा चालतो. पंचायतीचा आपला मेंबर ठाऊकच हाय तुला, पोट पुढं काढून चालतो. मला हरणं पाहून बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. म्हणलं, हे आले, आता ह्यांच्यामागं कोण येतंय.

मग येळवस आली. म्याडमला येळवस म्हणजे काय तेच ठाऊक न्हाई, पुण्याकडं नसती म्हणे, मला समजावून सांगावं लागलं. मार्गशीर्षाची अमावस्या, सगळं गाव वावरात जेवतं, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप घालतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, लक्ष्मी पुजतात, ओलगे ओलगे म्हणत आंबील शिंपडतात, आणि रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसालाबी बोलावून भज्जी म्हणजे डाळीच्या पिठातली मिसळ भाजी, आणि बाजरीचे उंडे वाढतात. पण त्या वर्षी वावरं भुंडी, निस्ती धूळ. तवा आप्पानं काढलं, माळावर गवत हाय, हरणं हायत, औंदा सगळ्यांनी माळावरच कोपी घालू. आप्पा म्हणजे किराणा दुकानवाला, कपाळाला इभूती, वावर माळाला लागून. घरच्या जवारीचा कडबा कुणाकडंच नव्हता, तोबी आप्पानंच बिदरकडून ट्रक भरून आणला आणि सगळ्या गावानं त्याच्याकडून घेतला.

आणि पाच पेंढ्या त्यानं माझ्या अंगणात आणून टाकल्या. म्हणला, सुभद्राबाई, तुझ्या नातवंडांना कोप करून दे. म्या इचारलं, कामून? तो म्हणला, येळवस हाय म्हणून, दुसरं कामून. आपण पांडव मांडत न्हाई, पूजा करत न्हाई, पण लेकरांना कोपीत बसून जेवायचं असतं, तवा म्या आपल्या तुकड्यात कोप घातली. पण रातभर इचार केला, ह्या माणसानं दुकानात कधी मूठभर फुटाणे वर घातले न्हाईत, आज पेंढ्या कामून?

येळवस लई छान झाली. माळावर कोपीच कोपी, म्याडम ह्या कोपीतून त्या कोपीत जेवत फिरली, शेवटी तिला उठवेना. दुसऱ्या दिवशी लोकांनी कडबा उचलून जनावरांना नेला, चुरा तिथंच पडला. मग तो उन्हाळा आला, टँकरची भांडणं, छावणीतली जनावरं, ते सगळं सांगत बसले तर तुझी वही संपंल.

औंदाबी पाऊस पडणार न्हाई म्हणता म्हणता त्या पावसाळ्यात असा पडला की गावाची भिंत न् भिंत भिजली. सगळे खुश. आमी बायका माळावर गेलो आणि उभ्याच राहिलो. जिथं मारवेल होतं तिथं मधी मधी गाजर गवताची बेटं, हिरवीगार, दाट, बाकी माळ साफ. वाऱ्यानं आलेलं असतं तर इकडं तिकडं आलं असतं. हे टाकल्यासारखं होतं. आणि माझ्या तुकड्यातबी, मुगाच्या मधोमध, एक बेट.

मेंबरनं चावडीवर सरळ सांगितलं, ह्या बायकांनीच बी टाकलं. गवत संपलं तर रोजी बंद, म्हणून उगवायचं आणि उपटायचं. म्हणला, त्या सुभद्राच्या तुकड्यात बघा, तिथंच रोप करते आणि माळावर नेऊन लावते. लोकांना पटलं. मला जर दुसऱ्या कुणाबद्दल सांगितलं असतं तर मलाबी पटलं असतं. म्याडम आली, तिचा चेहरा पडलेला, म्हणली मावशी, माझा इश्वास हाय तुमच्यावर, पण पंद्रा ऑगस्टच्या ग्रामसभेत गाव काय ठरवतं तोवर काम बंद ठेवावं लागंल. मेंबरनं तर पुढचंही ठरवलं होतं, त्याच सभेत ठराव घ्यायचा, माळाची नासधूस करणाऱ्यांची अतिक्रमणं काढायची. माझं नाव पहिलं.

तवा मला आप्पाच्या पेंढ्या आठवल्या. म्हणलं, आता कळलं. जिल्हा झाला तर त्याच्या वावराला भाव, आणि त्याच्या वावराच्या आणि सडकेच्या मधी कुणाचा तुकडा हाय? माझा. मी त्याच्या दुकानात साखर आणायला गेले. भर पावसाळ्यात गरम होत असताना आप्पानं लांब बाह्यांचा सदरा घातलेला, तागडी धरली तशी बाही वर सरकली, आणि काय सांगू, मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे. तसे चट्टे माझ्या हाताला होते, शेवंताच्या होते. तसे चट्टे किराणा विकून उठत न्हाईत. म्या इचारलं, आप्पा, हाताला काय झालं? तो म्हणला, पित्त. म्या म्हणलं, पित्त कोपरापर्यंतच चढलं का? त्यानं साखर बांधून दिली आणि बाही खाली ओढली.

मग मी पाळत ठेवली. शेळ्या घेऊन रोज माळावर. तू म्हणायचीस, बाई, एवढ्या शेळ्या चारायच्या तर शेळ्या सुजतील. तीन-चार दिवस काही न्हाई. मग एका दुपारी, झड लागली होती, माळावर चिटपाखरू न्हाई, पाहिलं तर एका बेटात आप्पा वाकलेला, शेजारी पोतं. मी शेळ्या सोडल्या आणि धावत गेले, म्हणलं, सापडलास! तो असा दचकला की खाली बसला. मग तोच ओरडला, तूच सापडलीस! मी म्हणलं, मी काय केलं? तो म्हणला, रोज शेळ्याचं निमित्त करून माळावर फिरतीस, तुकडा वाढवायला जागा बघतीस, मला दिसत न्हाई का? म्हणजे बग, मी त्याच्यावर पाळत ठेवून होते आणि तो माझ्यावर. म्या म्हणलं, ते राहू दे, पोत्यात बी हाय का बोल. आणि पोतं उपडं केलं.

पोत्यातून उपटलेलं गाजर गवत पडलं. मुळासकट.

मी बघतच राहिले. पेरणारा माणूस उपटंल कामून? मग त्यानं जिथून उपटलं होतं तिथं नजर गेली. मोकळ्या झालेल्या मातीत पाच दगड, पावसानं धुतले होते तरी चुन्याचा पांढरा अंश राहिलेला. पांडव. ही आप्पाची कोप. म्या उठून शेजारच्या बेटात हात घातला, गवत बाजूला केलं, तिथंबी पाच दगड. तिसऱ्यात गेले, तिथंबी. म्याडम रोज सांगत होती, बाहेरचा चारा, बाहेरचा चारा, आणि आमी हाव हाव म्हणत गेलो आणि बिदरचा कडबा तिनं साफ करवलेल्या माळावर उभा केला, त्याच्याखाली बसून तिलाच जेवू घातलं.

आप्पा मातीतच बसलेला. म्हणला, सुभद्राबाई, कडबा म्या आणला, जागा म्या सुचवली. आणि लक्ष्मीच्या कोपीखाली हे उगवलं हे गावाला कसं सांगू, लोक काय म्हणतील. म्हणून माझं माझं उपटून टाकत होतो. म्या म्हणलं, तुझं तुझं साफ झालं, बाकीच्यांचं राहिलं, माझ्या तुकड्यातलं राहिलं, सभेत दिसणार कुणाचं? तो म्हणला, न्हाई न्हाई, सभेत मी उठतो, मी बोलतो, तू गप बस. म्या हाव म्हणलं. पण वाटंनं येताना एकच इचार, हा माणूस लाजून उपटत होता का लपवायला उपटत होता? दोन्हीला पोतं एकच लागतं.

सभेला तू होतीस. झेंडा झाला, लेकरांना चाकलेटं वाटली, आणि मेंबर उठला. ठरावच वाचायला लागला. मी आप्पाकडं पाहिलं, आप्पा वर छताच्या पत्र्याकडं बघून हात खाजवत होता. मी वाट पाहिली. मेंबरनं माझं नाव घेतलं. आप्पा खाजवत होता. सगळ्यांनी हात वर करा म्हणला, तवा मी उठले. तू मागून माझा पदर ओढलास, बसा बाई बसा म्हणून, तरी मी बसले न्हाई. म्या म्हणलं, हात वर करायच्या आधी माळावर चला. मेंबर म्हणला, जे सांगायचं ते इथंच सांग. म्या म्हणलं, इथं सांगितलं तर तुमी म्हणाल बाई खोटं बोलते. मी सांगत न्हाई, दाखवते. पुरुष बसूनच राहिले. बायका उठल्या. बायका उठल्यावर पुरुषांना घरी कोण वाढणार, तेबी उठले.

पहिल्या बेटात मी शिरले, गवत पायानं दाबलं, दगड दाखवले. दुसरं दाबलं. तिथल्या एका दगडाला हळदीचा पिवळा डाग होता, कुंभाराची सून म्हणली, अगं बाई, ही तर आमची. तिच्या सासूनं तिला चिमटा काढला, पण शब्द सुटला होता. मग जी ती आपली आपली कोप शोधायला लागली. कुठली कोप कुणाची ते बायकांनाच ठाऊक, डोक्यावर आंबिलीच्या घागरी त्यांनीच तर आणल्या होत्या. मेंबरच्या कोपीवर गवत छातीला लागत होतं. शेवंता म्हणली, मेंबरसाहेब, आमी एवढं बी टाकलं आणि तुमाला सगळ्यात जास्त वाढलं, मान हाय तुमचा. सगळा माळ हसला. माझ्या तुकड्यातलं बेट बघून कुणीतरी इचारलं, हिच्यात दगड न्हाईत, हे कसं? म्या म्हणलं, आमी दगड मांडत न्हाई, कडबा तुमचाच होता.

मग आप्पाची बायको, आक्का, एवढी जाड बाई, धापा टाकत मोकळ्या जागेवर येऊन उभी राहिली. म्हणली, ही आमची. हे पांडव म्या मांडले. आणि नवऱ्याकडं वळून म्हणली, अहो, आपलं गवत कुठं गेलं? आप्पा मागं सरकला. तिनं सगळ्यांपुढं त्याची बाही वर केली, चट्टे पाहिले, आणि म्हणली, मला पित्त सांगत होतात, मी महिनाभर कोकमाचं सरबत पाजून राहिले.

त्या दिवशी ठराव झाला न्हाई. दुसऱ्या दिवसापासून ज्यानं त्यानं आपल्या कोपीखालचं उपटलं, मेंबरनं गडी लावला. म्याडम आली, तिला सांगितलं, वाटलं चिडंल, ती म्हणली, मी स्वतः त्या कोपीत बसून जेवले मावशी, मला तरी कुठं सुचलं. आमचं काम परत सुरू झालं. आता माळावर येळवस करायची तर घरच्याच जवारीचा कडबा, न्हाई पिकली तर नुसत्या पांडवांपुढं बसून जेवायचं, एवढं गावानं ठरवलं. हरणं वाढलीत. माझा हरभरा कोवळा असतानाच खातात, मी हाकलते, ती थोडी लांब जाऊन उभी राहून बघतात, मी वळले की परत येतात.

आणि तुकडा? ठराव मागं घेतला का म्हणशील तर न्हाई. पुढच्या सभेत बघू म्हणले. पुढची सभा झाली, तिच्यातबी पुढच्या सभेत बघू. उदगीर जिल्हा अजून झाला न्हाई, पण परवा सडकेच्या कडंला कुणीतरी चुन्यानं खुणा केल्यात, कशाच्या ते कुणी सांगत न्हाई. म्याडम म्हणते, मला ठाऊक न्हाई, आणि तिला ठाऊक नसंलबी. आप्पा पाय धरल्यासारखं बोलतो, म्हणतो, सभेत मी उठणारच होतो, तू आधी उठलीस. म्या हाव म्हणते. तो साखर जरा वरतीच घालतो आता, मी घरी येऊन मोजते.

त्याचं भलं होवो, आक्काचं भलं होवो, त्या हरणांचंबी होवो, माझं कुणाशी वैर न्हाई. पण उद्या सभा हाय. मी जाणार, पुढंच बसणार, कुणी बोलायच्या आधी माझ्याकडं बघावं लागंल असं बसणार. तुझं लिहून झालं की वही ठेव आणि चल माझ्यासोबत. बोलू नको, नुसती बाजूला बस.